सलग तिसरे सहा

सगळ्या जगाला खोटं म्हणेल, पण सासूला म्हणायची वेळ आली की हिच्या तोंडाला कुलूप! सुनेची ही खोड आजीला मुळीच आवडत नव्हती. मान द्यायचा तर स्वयंपाकघरात द्यावा, खेळात कसला आलाय मान?

खेळ बदकांचा. फासा पेल्याखाली खुळखुळवायचा, आपणच तेवढं डोकावून बघायचं आणि आकडा सांगायचा. बाकीच्यांना पटलं तर आपलं बदक तितकी घरं तळ्याकडे पुढं. पण "खोटं!" म्हणून कुणी पेला उचलला आणि थाप पकडली गेली, तर बदक परत पहिल्या घरात. हिरवं बदक कधीच हरवलं होतं; त्याच्या जागी आजीचं चार भोकांचं बटण चालायचं.

रविवारची दुपार होती. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभी राहिलेली सून भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती.

"पाच," सून म्हणाली.

"खोटं!" नातीनं झडप घातली. पेल्याखाली दोन. "आई, थाप मारताना तू नाक खाजवतेस."

"दमलेल्या माणसाला थापसुद्धा धड मारता येत नाही गं," म्हणत सुनेनं बदक मागं नेलं.

आता आजीची पाळी. जुना लाकडी फासा होता तोवर ठीक होतं. त्याचे ठिपके कोरलेले होते, बोट फिरवलं की आकडा कळायचा. तो कुठंतरी कपाटामागं गेला आणि नातीनं हा नवा आणला. ठिपके नुसते छापलेले, गुळगुळीत. आजीनं पेला जरासा उचलून वाकून पाहिलं. पांढरं धुकं. गेले सहा महिने बघावं तिथं हेच होतं, आणि तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलली असती तर शर्टांचे गठ्ठे येणं बंद झालं असतं. कारखान्याचे शर्ट घरी आणून बटणं लावायचं काम ती बत्तीस वर्षं करत होती. एकही शर्ट परत आला नव्हता. दोन इयत्ता शिकलेल्या बाईनं मिरवावं असं तेवढंच होतं, आणि ती ते भरपूर मिरवायची.

"सहा," ती ठसक्यात म्हणाली.

सलग तिसरे सहा. नातीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेनं तिला पायानं ढोसलं होतं. आजीला ते दिसलं नाही, पण चटई सरकल्याचं ऐकू आलं.

"म्हण की खोटं," आजी सुनेला म्हणाली.

"नाही आई, पटलं मला."

बटण तळ्यात पोचलं. आजी जिंकली आणि तिचं डोकं फिरलं. कीव करते ही माझी! तयार शर्टांना ती एरवी पुन्हा हात लावत नसे, पण आज तिनं उद्या द्यायचा गठ्ठा रागानं पुढ्यात ओढला. हाताला काम असलं की तिचं तोंड ताब्यात राहायचं. वरच्या शर्टाच्या बटणांमागून सवयीनं बोट फिरलं, आणि थांबलं.

ही गाठ तिची नव्हती. तिची तीन वेढ्यांची, मोहरीएवढी घट्ट. ही दोन वेढ्यांची, शेपूट राहिलेली. दुसरा शर्ट तसाच. तिसऱ्यावर वरची दोन बटणं तिची, खालची नाहीत.

"कधीपासून?"

सुनेनं पाय जवळ घेतले. "चार महिने झाले. ही सुया ओवून ठेवते, पण तुमच्या हाताला काळ्या दोऱ्याऐवजी निळा लागतो. सगळ्याच शर्टांना नाही, आई. दहातल्या तीन-चारांना."

"आणि उसवतेस कधी?"

"सकाळी. तुम्ही आंघोळीला गेलात की."

"आजी, मग आता तू हरलीस का?" नातीनं विचारलं.

आजीनं सुनेचा हात ओढून घेतला. साबणाच्या पाण्यानं सोललेली बोटं. तिनं ती एकेक करून चाचपली, गाठ तपासावी तशी. मग तळ्यातलं बटण उचलून पहिल्या घराकडं नेलं. ते तिसऱ्या घरात पडलं. नातीनं हळूच मागं सरकवलं.

"थापा मारण्यात तू माझ्या वरताण निघालीस," आजी सुनेला म्हणाली, "पण गाठ तुझी अगदीच भिकार. उद्यापासून सकाळची उसवाउसवी बंद, तेवढा वेळ झोप. ही शाळेतून आली की रंग सांगेल, गाठ मी मारीन. आणि यापुढं मी सहा म्हटलं, की खोटं म्हणायचं. माझ्या तोंडावर."