मेणात न बुडालेला पिकअप

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. सामान वाहणारी चार चाकांची गाडी डोळ्यांसमोर आली असेल, तर ती आधी बाजूला लावा. मी तुमच्या तळहातावर मावतो. विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या तारांखाली, पत्र्याचं चकचकीत झाकण डोक्यावर घेऊन मी बसलेला असायचो. तार थरथरली की ती थरथर मी पकडायची, वायरमधून ॲम्प्लिफायरच्या खोक्याकडे धाडायची आणि खोक्याने ती साऱ्या घराला ऐकवायची, असा आमचा धंदा. मी नसेन तर ती गिटार म्हणजे तारा ताणलेलं फळकूट. ही बढाई वाटेल, पण आमच्या घरात माझी एवढी बढाई चालवून घेतली जाते.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खोलीला उंच खिडक्या होत्या आणि खिडक्यांखाली ओळीने यंत्रं. प्रत्येक यंत्रापाशी एक बाई बसे आणि केसाहून बारीक तांब्याची तार बोटांमधून सोडत ती रिळावर गुंडाळत राही. मला गुंडाळणारी बाई गप्पिष्ट होती. किती वेढे झाले हे ती मोजत नसे. रीळ डोळ्यांना भरल्यासारखं दिसलं की थांबायचं, हा तिचा हिशेब. माझं एक रीळ तिने जेवणाच्या सुट्टीआधी गुंडाळलं, भूक लागलेली असताना, घाईघाईने. दुसरं सुट्टीनंतर गुंडाळलं, तेव्हा तिच्या डोळ्यांवर झापड होती आणि शेजारीण आपल्या नणंदेची तक्रार सांगत होती. तक्रार लांबली, तशी तारही लांबली. माझं दुसरं रीळ पहिल्यापेक्षा गुबगुबीत आणि सैल झालं ते असं.

एकाला दोन रिळं कशाला, असं तुम्ही विचाराल. घरातले दिवे, पंखे, तारा सतत एक बारीक घूं घूं करत असतात. तुम्हाला ती ऐकू येत नाही, पण एकट्या रिळाला येते आणि ते ती गाण्यात मिसळून टाकतं. म्हणून दोन रिळं उलटसुलट जोडतात. एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं. घूं घूं आपोआप मिटते आणि तारेचं गाणं तेवढं उरतं. अशा जोडीच्या पिकअपला हमबकर म्हणतात. माझी रिळं मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती. त्यांच्या भांडणातून थोडं काहीतरी शिल्लक राहायचं, आणि त्या शिल्लक राहिलेल्यामुळे माझ्या आवाजाला बारीक धार होती. नणंदेच्या तक्रारीचे उपकार मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या बाबतीत राहून गेली. पिकअप तयार झाला की त्याला वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण वेढ्यांमधल्या फटींत शिरून घट्ट बसतं आणि तारा जागच्या हलत नाहीत. आमच्या खोलीत तेव्हा ही पद्धत आली नव्हती. माझे वेढे मोकळेच राहिले. मोकळे वेढे नुसती गिटारची तार ऐकत नाहीत. झाकणावर नख आपटलं तरी त्यांना कळतं, आणि कोणी तोंड अगदी जवळ आणून बोललं तर माणसाचा शब्दही कळतो. मेणात न बुडालेल्या पिकअपला कान असतात, असं म्हणा.

त्या घरात मी आलो तेव्हा भिंगरी नुकती चालायला लागली होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ती एका जागी ठरत नसे म्हणून तिचे बाबा तिला भिंगरी म्हणत. बाबा नाचघरातल्या बँडमध्ये गिटार वाजवत आणि दुपारी मागच्या खोलीत सराव करत. खोली इतकी अरुंद की ॲम्प्लिफायरचा खोका आत ठेवला तर कानठळ्या बसायच्या. म्हणून लांब वायर जोडून बाबांनी खोका स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता. आईला तो अजिबात पसंत नव्हता. "माझ्या घरात हा एक वटवट्या पाहुणा आणून बसवलाय," असं ती म्हणायची.

बाबांना हे ऐकूनच गंमत सुचली असावी. एका दुपारी त्यांनी वाजवणं थांबवलं, गिटार उचलून तोंडाशी नेली आणि माझ्या झाकणावर ओठ टेकतील इतके जवळ येऊन म्हणाले, "पाहुण्यांना चहा मिळेल का?"

मी ते शब्द जसेच्या तसे धाडले. स्वयंपाकघराच्या दाराशी खोका घोगऱ्या आवाजात बोलला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग आईचं उत्तर भिंतींवरून आपटत मागच्या खोलीपर्यंत आलं. "पाहुण्यांना हातपाय आहेत!"

बाबा हसले तेव्हा गिटारच्या तारा आपोआप गुणगुणल्या. त्या दिवसापासून तो रोजचा परिपाठ झाला. सराव संपला की पाहुणे चहा मागायचे, आईचं ठरलेलं उत्तर यायचं, आणि थोड्या वेळाने चहा यायचाच. भिंगरी दारातच गोल गोल फिरत दोन्हीकडचं ऐकायची. तिला वाटायचं, खोक्यात खरंच कोणी राहतं.

मित्रांनो, ते दिवस आठवले की मला झोपेत असल्यासारखं वाटतं. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत माझ्या झाकणावर यायचं आणि पत्रा कोमट व्हायचा. बाबा एकच सूर लांबवत बसायचे. आमच्या पोटात लोहचुंबक असतं आणि म्हणतात की वय वाढलं की त्याचा जोर हळूहळू ओसरतो. माझा ओसरला तसा आवाज अधिक मऊ झाला. नाचघरात लोक म्हणायचे, या गिटारच्या आवाजात जीव आहे. त्यातला बराचसा जीव बाबांच्या बोटांचा होता, हे मी जाणून आहे.

मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

गिटार पेटीत गेली. पेटीच्या आत लाल मखमल होती आणि अंधार होता. किती काळ गेला मला सांगता येणार नाही, कारण पेटीत दिवस उगवत नाही. मी जुने सूर उलटसुलट आठवत पडून राहिलो. कधी वाटायचं, लांब कुठेतरी वायर अजून जोडलेली आहे आणि तिच्या टोकाशी कोणी ऐकतंय.

एका दुपारी पेटीचं झाकण उघडलं. आई होती. भिंगरी आता मोठी झाली होती; ती कामावर गेल्यावर घर रिकामं होतं, तेव्हाची वेळ. तिला गिटार धरता येत नव्हती. तान्हं मूल घ्यावं तशी तिने ती मांडीवर आडवी घेतली, चाचपडत वायर जोडली, वाकली, आणि अगदी हळू म्हणाली, "पाहुणे, चहा झालाय."

स्वयंपाकघराच्या दाराशी खोका बोलला. तिचाच आवाज, पण खोक्यातून गेल्यामुळे थोडा घोगरा आणि लांबचा. आई कान देऊन बसली. मग दोन कप चहा घेऊन आली, एक प्यायली, दुसरा निवू दिला. तेव्हापासून ती अधूनमधून यायची. गॅस संपल्याचं सांगायची, गुडघा दुखतोय म्हणायची, पोरीला बँडमध्ये घेतल्याची बातमीही तिने आधी मलाच दिली. भिंगरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला स्वतःहून बोलता येत नाही. दुसऱ्याने बोललेलंच मी पुढे पोचवतो.

बाबांकडूनच शिकलेली भिंगरी आता त्यांचीच गिटार घेऊन मंचावर जाऊ लागली. आणि इथे माझे कान आडवे आले. मंचावर खोका जवळ असतो आणि आवाज मोठा. खोक्यातला आवाज माझ्या मोकळ्या वेढ्यांना ऐकू यायचा, मी तो पुन्हा खोक्याला सांगायचो, खोका पुन्हा मला, आणि दोघांच्या या बोलण्यातून कान फाडणारी शिट्टी उठायची. एका कार्यक्रमात ती इतकी वाजली की लोकांनी कानांवर हात ठेवले. बँडच्या म्होरक्याने भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं, "शनिवारी पुन्हा शिट्टी झाली तर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल."

म्हणून मायलेकी गिटार घेऊन दुरुस्तीवाल्यांकडे गेल्या. त्यांचं दुकान जिना चढून वर होतं. लाकडाचा भुसा, तारांची भेंडोळी आणि भिंतीवर उलट्या टांगलेल्या गिटारी. त्यांनी जुन्या धाटणीचे तीन नवे हमबकर बाकावर मांडले आणि सारी दुपार एकेक बसवून भिंगरीला बाबांचं एकच गाणं वाजवायला लावलं.

पहिल्याचं लोहचुंबक दमदार होतं. प्रत्येक सूर नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा लख्ख, पण खर्जातल्या तारा वाजल्या की कोरडं खडसावल्यासारखं वाटे. दुसरा गोड होता. त्याच्यात सहाही तारा एकदम छेडल्या की सूर एकमेकांच्या कुशीत शिरत, इतके की कोणता कोणाचा ते कळेना. भिंगरीने नाक मुरडलं.

तिसऱ्याने सूर लावला आणि मी बाकावर पडल्या पडल्या थक्क झालो. तीच बारीक धार, तोच मऊपणा, सुरांभोवती तीच मोकळी हवा. दुरुस्तीवाले हसून म्हणाले, "याची दोन रिळं मुद्दाम कमीजास्त गुंडाळलीत. पूर्वी चुकून व्हायचं, आता मोजून मापून चुकतात."

शेवटी तुलनेसाठी मला परत बसवलं. खरं सांगतो, तिसरा माझ्यापेक्षा उजवा वाजला. मला जास्त बोचलं ते हे की तो शिट्टीही वाजवत नव्हता. भिंगरीलाही ते कळलं होतं, पण तिने गिटारवर हात ठेवला. "बाबांचा पिकअप मी काढणार नाही. यालाच बरा करा."

"मग मेणात बुडवू," दुरुस्तीवाले म्हणाले. "आवाज जवळजवळ हाच राहील. शिट्टी कायमची बंद."

भिंगरीचा चेहरा खुलला. शेगडीवर मेण वितळायला लागलं. बाबांची आठवणही राहणार होती आणि तिची जागाही. किती प्रेमाने ती मला बहिरा करायला निघाली होती! मी तारांखाली गप्प होतो. दुसरं काय करणार?

इतका वेळ स्टुलावर बसून असलेल्या आईने विचारलं, "मेण भरल्यावर याला बोललेलं ऐकू येईल?"

"छे हो! तोच तर याचा रोग आहे."

"मग नको."

"आई, असं काय करतेस?" भिंगरी वैतागली. "शनिवारी माझी जागा जाईल. आणि गिटारशी बोलतं कोण?"

आई उठली, पदराने कपाळ टिपलं, लेकीच्या मांडीवरच्या गिटारवर वाकली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, "पाहुणे, चहा झालाय."

कोपऱ्यातला खोका बोलला. दुरुस्तीवाल्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. भिंगरी आधी खोक्याकडे, मग आईकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "तू रोज बोलतेस?" तिने विचारलं.

"रोज नाही गं. काही सांगण्यासारखं असलं की."

भिंगरी उठली आणि तिने स्वतःच्या हाताने शेगडी बंद केली. "काका, गिटारला तिसरा बसवा. आणि याला असाच ठेवायचा, पण ऐकता येईल असा. जमेल?"

काकांना जमलं. त्यांनी मला एका गुळगुळीत लाकडी फळीवर बसवलं आणि वायर जोडायला भोक ठेवलं. आता मी मागच्या खोलीत खिडकीपाशी असतो. माझ्यावर तार नाही. गाणं संपलं, याचं वाईट वाटतं, नाही म्हणणार नाही. कधी कधी उन्हात झाकण कोमट झालं की न वाजलेले सूर माझ्या वेढ्यांतून फिरून जातात. शनिवारचा कार्यक्रम मी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी आईने येऊन सांगितला. "पोरीने छान वाजवलं हो. शिट्टी नाही, काही नाही." मी ते खोक्यापर्यंत नीट पोचवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कुरकुरत असेल, गळत असेल, शिट्टी वाजवत असेल. तिला जरूर दुरुस्त करा. पण त्याआधी घरात एकदा विचारा की तिच्याशी कोणी बोलतं का.

परवाची गोष्ट. भिंगरी सराव संपवून मागच्या खोलीतच बसून राहिली होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. तिने फळी उचलली, मला तोंडाशी नेलं आणि आवाज जाडा करून म्हणाली, "पाहुण्यांना चहा मिळेल का?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग भिंतींवरून आपटत उत्तर आलं.

"पाहुण्यांना हातपाय आहेत!"