दोनशे पंचेचाळीस किलोमीटर

उद्धवराव पालमच्या शाळेत हेडक्लार्क. पोरीच्या, निवेदिताच्या लग्नपत्रिकेत त्यांनी ठळक छापून घेतलं होतं : लग्न ठीक १२ वाजून ३१ मिनिटांनी लागेल. असं छापणारे पालममध्ये पुष्कळ. पाळणारे आपण एकटेच, हेही ते स्वतःच सांगत.

पावणेबाराला मेहुण्याचा, दत्तरावांचा फोन आला.

"भावजी, पाटीवर नांदेड अजून पन्नास किलोमीटर दाखवायलंय."

म्हणजे पालम शंभर. आणि मुहूर्ताला उरला पाऊण तास. मानपानावरून रुसलेले दत्तराव सात वर्षं या घराची पायरी चढले नव्हते. निवेदितानं फोन करून त्यांना यायला राजी केलं होतं आणि आईला बजावलं होतं, "मामा न्यायला आला तरच बोहल्यावर जाणार."

दत्तरावांच्या प्रवासाचा हिशेब तर उद्धवरावांनी चोख केला होता. बंगळुरू ते हैदराबाद विमानानं सव्वा तास, साडेसहाला खाली. पुढं मोबाइलवर बघितलेलं : हैदराबाद विमानतळ ते नांदेड विमानतळ दोनशे पंचेचाळीस किलोमीटर. जीपला चार तास, पालमपर्यंत आणखी एक, वर तासभर शिल्लक.

"ते विमानाचं अंतर हाय," बायको, सुमंगलाबाई दातओठ खात म्हणाल्या. "जीप आभाळातून येणार हाय का?"

"मोबाइलवर तसंच लिव्हलंय."

"तुमी विमानाचं इचारलं, त्यानं विमानाचं सांगितलं. उशिरा आलेल्या मास्तरांचा पगार कापता, आता सोताचा किती कापता?"

लग्न लावणाऱ्या गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त ओढून ताणून दोनपर्यंत. पुढं माझ्या हातात न्हाई."

उद्धवराव मारुतीकडं पळाले. नवरदेव दर्शन घेऊन घोड्यावर बसला होता, बँडवाले वाद्यं सरसावत होते. व्याही माणिकराव छाती फुगवून म्हणाले, "बघा, आमी शब्द पाळला. सव्वाबाराला मांडवात."

"एवढी काय घाई? नाचू द्या की पोरांना."

"पत्रिकेत तर..."

"पत्रिका छापखान्यावाल्यानं छापली."

माणिकरावांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. पोरं तर उन्हानं कोमेजून गेली होती. एकाचाही पाय उचलेना. मामा आला नाही म्हणून पोरगी अडून बसलीय, हे व्याह्याला सांगायचं कोणत्या तोंडानं? उद्धवरावांनी बँडवाल्याला खूण केली, रुमालाचं टोक दातात धरलं आणि नाचायला लागले.

हेडक्लार्क नाचतोय म्हटल्यावर पोरांच्या अंगात आलं. मिरवणूक मिनिटाला एक पाऊल सरकू लागली. मांडवातली माणसं बघायला रस्त्यावर आली. साडेबारा झाले. एक वाजला. मांडवातून तीनदा निरोप आला, तिन्ही वेळा उद्धवरावांनी मान वळवली नाही. गुडघे भरून आले, सदरा पाठीला चिकटला. दोनला वीस मिनिटं उरली तरी समोर रस्त्यावर जीप दिसेना.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मागं दत्तराव, हातात बॅग.

"कधी आलात?"

"झाली वीस मिनिटं. तुमच्याच वरातीमागं गाडी अडकलीय."

"मग उतरून यायचं न्हाई का लगेच?"

"येणारच होतो," दत्तराव म्हणाले, "पण तुमी नाचायलाव ते बघत ऱ्हायलो. चला, भाची वाट बघायली असंल."