न मोडलेला पाट

मी पाट बोलतोय. बोलायची हौस अजिबात नाही. फणसाच्या लाकडाला तोंड नसतं, आणि बाकीच्या तीन पाटांचं त्यात झकास चाललंय. पण माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटलीय, कणकेची खळ लावून. घासून निघत नाही. येईल तो पावणा टेकायच्या आधी वाचतो, 'एतेर', आणि विचारतो, "हे काय ओ?" घरातले हसतात आणि अर्धंच सांगतात. म्हणून सगळं मलाच सांगावं लागतंय. एकदाच सांगतो. परत विचारायचं नाही.

आम्ही चौघं एकाच फळीचे. लाकूड गगनबावड्याकडचं, हात उचगावच्या गुंडू सुताराचा. शालूबाई लग्न होऊन या घरात आली त्या साली त्यानं आम्हाला घडवलं. कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकल्या. माझी एक फुली तिरकी बसली. गुंडू म्हणाला, "असू दे, वळखायला बरी." तीच माझी ओळख.

माणसांचं एक बघून ठेवलंय. खुर्चीवरचा माणूस कधी उठून जाईल सांगता येत नाही. पाटावर मांडी घातली की भांडण पेटलं तरी आधी भाकरी संपवतो, मग भांडतो. शालूबाईचा नवरा बाळासो शिरोलीच्या कारखान्यात लेथवर होता. घरी आला की पंगतीतला पहिला पाट त्याचा, मी असो वा दुसरा. त्यांचा राजवर्धन माझ्यावर बसूनच घास गिळायला शिकला, आणि शिकून पार स्वीडनला गेला. तिथंच टूवा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि मग फोनवर कळवलं. आधी नाही, नंतर. शालूबाईला ते लागलं.

सात-आठ वर्षांमागं तो तिला घेऊन आला. जेवायची वेळ झाली. बाळासो, राजवर्धन आणि पुतणी स्नेहल, जी तेव्हा शाळेत होती, तिघं बसले. चौथा मी, मोकळा. टूवा माझ्यापुढं उभी राहिली, हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणाली, "आज जेवते मी तुमच्यासंगं."

स्नेहल फिदीफिदी हसली. बाळासोही हसला, पण मायेनं. शालूबाई हसली नाही. तिनं मला उचललं, भिंतीला उभं केलं आणि म्हणाली, "ह्यो पाट मोडलाय. तिला खुर्ची दे."

मी मोडलो नव्हतो. कुठं चीरसुद्धा नव्हती.

पोर प्लास्टिकच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन जेवली. वरून तिला सगळ्यांची टाळकी दिसत होती, तोंड कुणाचं नाही. आणि मी? भिंतीकडं तोंड करून उभा. मला पाय आहेत ते टेकायला, चालायला नव्हेत. तरी त्या दिवसाची टोचणी मलाही आहे.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. "गुंडूला दाखवू की," बाळासो म्हणाला. "ऱ्हाऊ दे," शालूबाई म्हणाली. लेथवरचा माणूस तो. त्यानं मला जमिनीवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबलं. मी जरासुद्धा डुगडुगलो नाही. त्यानं बायकोकडं बघितलं, आणि मुकाट्यानं मला माळ्यावर टाकलं. कळलं होतं त्याला. दोन वर्षांनी तो वारला, पण तोवर तोंडातून चकार शब्द काढला नाही. ते शालूबाईला जास्त जड गेलं.

पुढं राजवर्धन यायचा तो एकटाच. "तिला रजा न्हाय," म्हणायचा. एकदा जेवता जेवता बोलून गेला, "आई, इथं यायच्या आधी ती महिनाभर मांडी घालून बसायची सवय करत हुती. गुडघे दुखायचे तिचे." शालूबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

मग यंदा फोन आला. डिसेंबरात टूवा येणार. शालूबाईनं स्नेहलला बोलावलं. ही पोरगी आता पुढच्या शिक्षणासाठी तिकडंच निघालीय, म्हणून वर्षभर तिथली स्वीडिश भाषा घोकतीय.

"मला तिच्या भाषेत एक वाक्य शिकव. मी तुझ्यासंगं जेवते. रोजचं हाय, अवघड नसंल."

"'याग एतेर मेद देय'. झालं, काकी!"

"आन 'आज' कुठं घालायचं? आज जेवते म्हणायचं हाय मला."

"पहिल्यांदा घाला. पण मग क्रियापद..."

"शाळंतलं नगं सांगू."

स्नेहलनं खालचे तीन पाट घेतले आणि आणखी एकासाठी माळ्यावर चढली. मला खाली काढलं. चौथा मी. "काकी, ह्यो तर धड हाय की!" शालूबाईनं चिठ्ठ्यांसाठी कागद पुढं केला.

पोरीनं पंगत मांडली, मला दुसऱ्या जागी, आणि प्रत्येकावर चिठ्ठी ठेवली. "ह्यो दुसरा पाट 'जेवते'चा. 'एतेर'. पहिल्या पाटावर कुणी बी येऊ दे, हे इथनं हलायचं न्हाय." म्हणून माझी चिठ्ठी खळीनं चिकटवली. बाकीच्या नुसत्या ठेवलेल्या.

"आपल्यात तर 'जेवते' शेवटाला येतंय."

"व्हय, समद्यांस्नी वाढून मागनं बसणाऱ्यागत. तिकडं ते दुसऱ्याच पाटावर. आता 'आज' आलं, 'ईदाग'. त्याला पहिला पाट पायजे. मग 'मी' काय करणार?"

"मी कशाला उठू? पहिला पाट माझा हाय. ह्यांच्या मागं मीच बसते तिथं!"

"वाक्यातली 'मी' ओ काकी! ती उठणार आन तिसऱ्या पाटावर जाणार. 'ईदाग एतेर याग मेद देय'."

शालूबाई एकेका पाटावर हात ठेवत पुढं सरकली. "आज... जेवते... मी... तुझ्यासंगं." हात चौथ्या पाटावरच राहिला. "स्नेहल, ती त्या दिशी असंच म्हणाली हुती."

"व्हय की. आपुन हसलो तिला."

"तू हसलीस. मी लई वाईट केलं." ती माझ्याकडं वळली, माझ्यावर तळवा टेकला आणि तव्यावर पडल्यासारखा मागं घेतला. तेव्हा तिनं माझ्याशी चार शब्द बोलायला हरकत नव्हती. बोलली नाही.

टूवा आली, राजवर्धनबरोबर. भाकरी, वांग्याचं भरीत, दही. चार पाट मांडलेले, मी दुसरा. शालूबाई सवयीनं पहिल्यावर बसलेली, ओठांत वाक्य घोळवत. टूवानं खाली बघितलं. माझी तिरकी फुली बघितली. वळली आणि बाहेरची प्लास्टिकची खुर्ची स्वतःच उचलून आणली.

"हा पाट मोडलाय," ती म्हणाली. मराठी आता सरळ झालेली. "मी खुर्चीवर बसते. मला चालतं."

इतकी वर्षं तिनं ते खरं मानलं होतं. शालूबाईचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. ती पाटावरून उठली.

"न्हाय गं बाई. मोडला नव्हता. मी खोटं बोलले. तुला जागा द्यायची नव्हती मला. चुकलं माझं."

राजवर्धननं समजावून सांगायची गरज पडली नाही. टूवाला कळलं होतं. तिनं खुर्ची खाली ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि मला दोन्ही तळव्यांनी दाबलं. अगदी बाळासोसारखं. मी डुगडुगलो नाही.

"नाही मोडला," ती म्हणाली. हसली नाही. पण बसली, एक गुडघा वर ठेवून, अवघडून.

पहिला पाट शालूबाईनं राजवर्धनला दिला आणि स्वतः तिसऱ्यावर बसली. "ईदाग... एतेर... याग..." पुढचं आठवेना.

"मेद देय," टूवानं पुरं केलं आणि भाकरी मोडली. भरितात मीठ नव्हतं. सगळ्यांनी तसंच खाल्लं.

आता मी स्वयंपाकघरातच असतो, ओट्याखाली. टूवाची माफी मागून झाली. बाळासोच्या फोटोपुढंही मागून झाली, मी ऐकलीय. पण धडधाकट असून इतकी वर्षं मोडका म्हणून माळ्यावर धूळ खाल्ली ती मी. चिठ्ठी राहू दे, माझी तक्रार नाही. फक्त एकदा माझ्याकडं बघून कुणीतरी म्हणावं, तू धड होतास. कुणीतरी म्हणजे स्नेहल नको, राजवर्धन नको. ज्या तोंडानं मोडका म्हटलं, त्याच तोंडानं म्हणायला पाहिजे. शालूबाईनं.