चुलीतले देव

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. जपानमधल्या कोबे शहरात, टेकडीवरच्या एका विलायती घरात, भिंतीच्या पोटात मी राहते. माझ्यावर कधी भाकरी भाजली गेली नाही. माझं काम एकच, माणसांना ऊब देणं.

शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका इंग्रज चहा व्यापाऱ्याला आपल्या खेड्यातल्या घराची फार आठवण यायची. त्याने कागदावर तसंच घर काढलं. ठेंगणं छत, पांढऱ्या भिंतींत उघडी दिसणारी काळी लाकडं, आणि मी, आत दोघं बसतील एवढी ऐसपैस. इथल्या गवंड्याने असली चूल जन्मात पाहिली नव्हती. तरी त्याने माझं धुराडं छपरापार नेलं. पहिला जाळ पेटला तेव्हा साहेब टोपी काढून माझ्या कुशीत बसला, तो किती तरी वेळ उठलाच नाही.

पुढे साहेब गेला. घर आताच्या मालकीणबाई मोरितासान यांच्या सासरच्यांकडे आलं. मग मोठा भूकंप झाला. धुराड्याला तडा गेला, त्याच्या तोंडावर पत्रा ठोकला आणि माझ्यात रद्दी साठू लागली. त्या गारठ्याबद्दल काय सांगू!

तीन वर्षांपूर्वी पुण्याची चित्रा नवऱ्याला आणि छोट्या नेत्राला घेऊन इथे भाड्याने आली. तिला वाटलं, मी देवळीच आहे. तिने मला पुसलं, आत देव मांडले, निरांजन लावलं. ज्योत ती केवढीशी! पण मला पुरली.

परवा म्हाताऱ्या मोरितासान आल्या. देव पाहून त्यांनी आधी हात जोडले. मग मान खाली घालून जपानीत काहीतरी बोलल्या.

"आई, ही फायरप्लेस आहे म्हणे," नेत्राने सांगितलं.

"अगं बाई! म्हणजे मी देव चुलीत घातले?"

नेत्राने तेही जपानीत सांगून टाकलं. मोरितासान खुदकन हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. इंजिनिअरने त्यांना बजावलं होतं, पुढच्या भूकंपात धुराडं छपरातून खाली येईल. मला काढलं तरच घर वाचेल. आणि माडीवर, धुराड्याला लागूनच, नेत्रा झोपते.

"माझे यजमान इथे बसून चहा प्यायचे. माझ्याने हो म्हणवत नाही," मोरितासान म्हणाल्या.

"आजींना सांग, मलाही नकोच वाटतं गं. पण..." चित्रा नेत्राच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मोरितासाननी तो हात पाहिला आणि हळूच मान डोलावली.

आज चित्राने देव उचलून कपाटात ठेवले. माझ्या विटांना हळदकुंकू लावलं. उद्या कामगार येतील.

मित्रांनो, जुनं जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण कधी कधी जुन्यालाच वाट सोडावी लागते. तेव्हा घण घालू नका. हातांनी, एकेक वीट उतरवा. फक्त नेत्राच्या उशीमागच्या विटांपाशी रेंगाळू नका.