वरून घट्ट दिसलेली जमीन

मी खजुराच्या बागेतला फोर्कलिफ्ट बोलतोय. खरं तर मला बोलायला तोंड नाही, पण आता गप्पही राहवत नाही.

खडबडीत जमिनीसाठीच माझा जन्म. रुंद टायरांचा मला केवढा तोरा होता! ओमानच्या या डोंगराळ गावात नासिर मालकांनी मला आणलं आणि मुहन्नाच्या हाती दिलं. मुहन्ना तसा भला. मला रोज पुसायचा, पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवायचा नाही. पण खाली उतरून पायी जमीन बघायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. फलजच्या, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या गावच्या सामायिक पाण्याच्या, पाटाला कुणाची पाळी कधी, हे त्याला तोंडपाठ. म्हणून ओलं कुठे, कोरडं कुठे, ते तो बसल्या जागी सांगायचा.

त्या आठवड्यात आमची पाळी नव्हती. पण शेजाऱ्याकडे लग्न निघालं, म्हणून त्याने अपघाताच्या आदल्या दिवशीची आपली पाळी मालकांना देऊन टाकली. इथे असं चालतंच. आमच्या बागेत पाणी फिरलं, पण मुहन्नाला पत्ता नाही. उन्हाने वरचा पापुद्रा वाळलेला, आत सगळा चिखल.

माझ्या काट्यांवरच्या खजुराच्या पेट्यांमुळे समोरचं दिसत नव्हतं, म्हणून त्याने त्या उंच उचलल्या आणि खालून बघत निघाला. शेजारून झाहर काका चालले होते. उंच झाडांवर चढणारे गावात ते एकटेच उरलेले.

"पेट्या जमिनीलगत घे रे. दिसत नसेल तर उलटा चालव," काका म्हणाले.

"काका, तुम्ही झाडावर चढताना मी येतो का शिकवायला?"

तेवढ्यात माझं पुढचं चाक खचलं. मला कळत होतं, पण सावरता आलं नाही. मी कलंडलो आणि पेट्या काकांच्या पायावर कोसळल्या. मुहन्ना पट्ट्यामुळे वाचला.

हे कसं झालं, ते मालकांनी विचारलं. खरं सांगितलं तर मुहन्नाची नोकरी जाणार होती. खाटेवरून काकाच म्हणाले, "चूक माझी. नको तिथे मध्ये आलो." आणि मुहन्नाने ते खुशाल ऐकून घेतलं. मीही अंगणात मुकाट उभा होतो.

काकांचं चढणं कायमचं सुटलं. आता मालकांनी त्यांना वेगळं काम दिलंय. लंगडत माझ्यापुढे चालायचं, काठीने जमीन दाबून बघायची, मग हात करायचा. धडधाकट मुहन्ना माझ्यावर बसून त्यांच्या मागे येतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुहन्ना, बाबा, माझे काटे खाली टेकव, किल्ली काढ आणि एकदा उतर. मालकांच्या दारापर्यंत सगळा खडक आहे, पाय कुठे खचायचा नाही. जा, खरं काय ते सांगून ये.