पंचवीस उन्हाळ्यांची पोर्ट

भिंगारचे गणपततात्या म्हणजे आधी मनगट, माणूस मागाहून. साध्या पाण्याचा तांब्या कलंडतानाही शेवटच्या थेंबाला ते असा नाजूक वळसा देत, की तो माफी मागून माघारी फिरे. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये त्या मनगटाने पोर्ट नावाची तांबडी, गोड दारू एवढी वाढली, की सीना नदीला दोन पूर आले असते. तात्यांची जीभ मात्र कोरडीच. कुणाचे उष्टे ओठाला लावणार नाही, हा बाणा. देश सोडताना साहेबाने एक जुनी, लाखबंद बाटली त्यांच्या हाती ठेवली. चव घ्यायची ती हिचीच, असे त्यांनी ठरवले. पण त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, बजावले, ‘मी हाय तवर फोडायची न्हाई.’

दुष्काळाच्या त्या भगभगीत वैशाखात, काकूंचे वर्षश्राद्ध उरकल्यावर, तात्यांनी मला, शेजारच्या मास्तराला, हाक घातली. ‘या मास्तर. जिभंची चव चालली माजी. आज न्हाई तर कदीच न्हाई.’

बूच भुगा होऊन आत पडले. तात्यांनी मलमलीतून गाळले. मनगटाने आपला शेवटचा, राजस वळसा घेतला. वर्षानुवर्षे ज्या माणिकवर्णाची वर्णने ऐकून मी फुकट झिंगलो होतो, तिथे पेल्यांत उष्ट्या चहाचे धुवण उतरले. पहिल्या घोटालाच माझ्या दाढा एकमेकींशी भांडून माहेरी निघाल्या. शिरका! तोही गंजक्या खिळ्यांत मुरलेला!

‘अहो, ठेवली कुठे होती ही?’ मी करवादलो.

‘फडताळात. अन् दर चैत्रात लोनच्याच्या बरन्यांसंगं गच्चीवर. बुरशी धरू नये म्हनून तुमची काकू ऊन दावायची.’

‘पंचवीस उन्हाळे? मेसच्या तळघरातल्या गार काळोखातून आडवी ठेवलेली बाटली उचलून आणणारे तुम्ही! तुम्हाला ठाऊक नव्हतं?’

‘ठावं हुतं की.’ तात्या पेल्यात बघत राहिले. ‘दारू घरात ठिवू दिली तिनं, वर इतकी निगा राखायची. रोज पुसायची. तिला कसं सांगू, तुज्या उनानंच नासती म्हनून? वाटलं, घोटभर तरी उरंल.’

बाटली त्यांच्या डोक्यात घालावी की काय, असा माझा संताप. तात्यांनी मात्र पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडे न करता, सावकाश, तळापर्यंत संपवला. गेलेल्या माणसाच्या मायेने केलेली नासाडी दुरुस्त करता येत नाही आणि खरे तर करावीशीही वाटत नाही. काळ ती आंबवत राहतो, आणि आपण ती, कुणी विचारलेच तर चांगली आहे म्हणत, गिळत राहतो.