डबड्याचा उशीर

आजारात आईची वाचा गेली, हातही गेले, तेव्हा धाकट्याने तिला बोलका डबा करून दिला. पडद्यावरच्या शब्दावर नजर रोखली की डबा तो शब्द बोलायचा. पण उशिरा. बाबांनी "चहा घेणार का गं?" विचारावं आणि "हो" येईपर्यंत चहावर साय धरावी.

"तुझ्या डबड्याला तोंड उघडायला मुहूर्त लागतो का रे?" बाबा म्हणायचे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, टाका चुकला तरी शिव्या सुईलाच. "माझी बायको उत्तराला कधी थांबली नाही. माझं वाक्य संपायच्या आत टोला हाणायची."

धाकट्याचं पोट असल्याच यंत्रांवर. त्याने डब्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डोकं घातलं. नोंदी साठवणारं फालतू काम मेमरीला कुलूप लावून रेंगाळायचं आणि बोलण्याचं तातडीचं काम बाहेर ताटकळायचं. त्याने नियम बदलला. कुलूप ज्या कामाच्या हाती, त्याला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान, म्हणजे ते झटपट आवरून वाट सोडेल. स्वतः पडद्यासमोर बसून पाहिलं. नजर टेकली तोच आवाज आला.

बाबा बाजारात गेले होते. त्याने डबा आईसमोर ठेवला.

"आई, मी कोण?"

तिची नजर कुठे जाते, ते त्याला लॅपटॉपवर दिसत होतं. "मुलगा"वरून ती घसरली, "भाऊ"वर गेली, "डॉक्टर"वर घुटमळली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, ओशाळून, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. बऱ्याच वेळाने नजर स्थिरावली आणि डबा तत्क्षणी बोलला, "हो."

थोरली बहीण दाराशी उभी होती. "मला केव्हाच कळलंय," ती म्हणाली. "बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय, उशीर डब्याचा आहे."

बाबा आले की आधी स्वतः डब्यासमोर बसून बघणार, हे धाकट्याला ठाऊक होतं. त्याने घाईघाईने जुना नियम परत घातला.

"जमलं का रे?" बाबांनी पिशवी ठेवायच्या आत विचारलं.

"नाही, बाबा."

"एवढं शिकून काय दिवे लावलेस!" त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझं सगळं आत तयार असतं, मला माहीत आहे. बोल सावकाश. आज बरं वाटतंय ना?"

धाकट्याने लॅपटॉप मिटला. बाबा हसऱ्या चेहऱ्याने उत्तराची वाट बघत राहिले.